कोरडी पायरी किती?

सकाळी सहाला कुंभकोणमच्या एका सरकारी कचेरीत एक माणूस नद्यांची हजेरी घेत असे. कचेरी पाण्याच्या खात्याची. नेमकं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. माणसाचं नाव व्यंकोबाराव. पांढरा अर्ध्या बाहीचा सदरा, कपाळाला गोपीचंदन, आणि खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. तीन वर्षांत त्यांना लाल पेन उघडताना मी दोनदाच पाहिलं. त्या दोन वेळा सांगितल्या की व्यंकोबाराव बरेचसे सांगून होतात.

मी साताऱ्याची. ज्या परदेशी कंपनीचे उपग्रह डोक्यावरून फिरतात, तिची सेवा इथल्या सरकारांना विकणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी इंजिनियर होते. नदीवरच्या नऊ ठिकाणी पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवायची, प्रत्येकाशेजारी उपग्रहाकडे तोंड केलेली एक थाळी, म्हणजे डिश अँटेना, लावायची, आणि आकडे आकाशातून थेट कचेरीतल्या पडद्यावर आणायचे, हे माझं काम. त्याआधी हे आकडे वायरलेसवर येत. नऊ ठिकाणी नऊ लस्कर, म्हणजे पाण्यावर नजर ठेवणारे खात्याचे नोकर, आणि कचेरीत त्या सगळ्यांना रोज हाक मारणारे व्यंकोबाराव. थोडक्यात, मी त्यांचं काम काढून घ्यायला आले होते. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि पहिल्या दिवशी त्यांनीच मला कॉफी पाजली.

माझं फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"अम्मा, तुम्ही मराठी?" त्यांनी पुसलं. विचारलं असं लिहायला हवं, पण त्यांच्याबद्दल लिहिताना पुसलं हेच येतं.

"हो. तुम्ही पण?"

"आम्हीही मराठीच की. तीनशें वरुषें झालीं येथें येऊन. तुमची मराठी बहु उतावळी आहे. अर्धें बोलून अर्धें गिळतां."

मला त्यांची मराठी जुन्या पत्रातून उठून आल्यासारखी वाटली होती, आणि ते तमिळ धाटणीने शब्द लांबवत तेव्हा मला हसू आवरेना. त्यांना माझ्या मराठीचं हसू येत होतं. तिरुविडैमरुदूरला त्यांचं घर. बायको, एक लग्न झालेली मुलगी, देवघरात विठोबा. घराबाहेर सगळं तमिळ. पहाटेच्या बसने ते कुंभकोणमला येत आणि पावणेसहाला कचेरीचं कुलूप काढत. पूजा संध्याकाळी. त्यावरून कुणी टोकलं तर म्हणत, "विठोबा विटेवर थांबला आहे. पाणी थांबत नाहीं."

हजेरी अशी चाले. ते माइकचं बटण दाबून पहिल्या ठिकाणच्या लस्कराचं नाव घेत, पदाने नाही, नावाने. पलीकडून "इरुक्केन, सार," म्हणजे आहे साहेब, असं उत्तर आलं की पातळीचा आकडा लिहून घेत. मग एक प्रश्न विचारत. कोरडी पायरी किती? नदीवर उतरायच्या पायऱ्यांपैकी वरून मोजत आलं की शेवटची कोरडी कितवी. खात्याच्या तक्त्यात या प्रश्नाला रकानाच नव्हता. त्यांनी पट्टीने रेघ मारून आपला आखून घेतला होता, गेली तीस वर्षं.

"आकडा तर आहेच की," मी म्हटलं.

"आकडा निजून सांगतां येतो. पायरी जाऊन पाहावी लागते."

पहिल्यांदा लाल पेन उघडलं ते यावरूनच. माझी यंत्रं बसत होती तेव्हा चार महिने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालल्या. एके सकाळी तिसऱ्या ठिकाणच्या मुरुगेसनने आकडा सांगितला, आणि पायरी सांगितली सातवी. व्यंकोबारावांनी मागचं पान उलटलं. चारच दिवसांपूर्वी मुरुगेसननेच कळवलं होतं की सातवी पायरी खचून नदीत गेली. रावांनी माइकचं बटण सोडलं. लाल पेन काढलं, मुरुगेसनच्या नावापुढे "गैरहजर" लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी मुरुगेसन केळ्यांचा घड घेऊन सायकलने कचेरीत आला. राव त्याला एवढंच म्हणाले, की तू इथे असताना तिथे पाणी कोण बघतंय? घड तसाच परत गेला. त्यानंतर मुरुगेसन पायरी तर सांगायचाच, पायरीवर काय पडलंय तेही सांगायचा. नारळाची करवंटी, सापाची कात, कुणाचं तरी चप्पल. राव सगळं ऐकून घेत. मला वाटतं त्यांना ते आवडत असे, पण तसं ते कबूल करणाऱ्यांतले नव्हते.

वायरलेसच्या खांबाचीही एक गोष्ट आहे. कचेरीच्या गच्चीवर खांब धरून ठेवणारी लोखंडी पकड गंजून तुटली. खात्याला लिहिलं, उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, उत्तर आलं की अर्ज नव्या नमुन्यात करावा. राव रविवारी बसने स्वामीमलैला गेले, तिथे पिढीजात मूर्ती ओतणाऱ्या एका ओळखीच्याकडे, आणि ती तुटकी पकड त्याच्यापुढे ठेवून म्हणाले, अशी दुसरी करून दे. तो म्हणाला, आम्ही देव करतो. राव म्हणाले, यालाही वर पाहावं लागतं. पंधरा दिवसांनी पितळी झाक असलेली, कावेरीच्या गाळात ओतलेली भक्कम पकड आली. त्या बाबाचा हात सवयीने चालला होता, कडेला बारीक कमळाच्या पाकळ्या उमटवल्या होत्या. वादळं आली गेली, खांब हलला नाही. मी माझी थाळी बसवायला गच्चीवर गेले तेव्हा तोच खांब वापरला, दुसरा इतका सरळ नव्हता.

थाळी बसली त्या दिवशी राव वर आले. बराच वेळ तिच्याकडे पाहत उभे राहिले.

"हा जासूद कोणाचा, अम्मा?"

जासूद म्हणजे निरोप्या, हे मला क्षणभराने आठवलं. म्हटलं, "कंपनीचा."

"धनी कोठे असतो?"

"परदेशात."

"त्यास कावेरी ठाऊक आहे?"

"त्याला कशाला ठाऊक हवी? निरोप पोचला म्हणजे झालं."

"भाड्याचा जासूद धांवतो बरा," राव म्हणाले, "तें खोटें नाहीं. पण तो कोणाच्या सांगण्यावरून थांबतो, तें पुसून ठेवा."

मी हसले. कंत्राटात ते कुठेतरी लिहिलेलं असणारच. मी कंत्राट वाचलेलं नव्हतं. खात्यातल्या कुणी वाचलं होतं असंही मला नंतर आढळलं नाही.

पुढे वायरलेस बंद करायचा हुकूम आला. नऊ ठिकाणचे सेट आणि कचेरीतला सेट भंगारात जमा करून तसा दाखला द्यायचा होता. रावांनी दाखला दिला. स्वच्छ अक्षरात, खाली सही. मग त्यांचं काम पडद्यासमोर बसायचं. पडद्यावर नऊ हिरवे आकडे. राव त्यांच्याकडे दुसऱ्याची मुलं सांभाळायला दिल्यासारखे पाहत.

दोन-तीन महिन्यांनी थाळीची एक तक्रार होती म्हणून मी सहालाच कचेरीत गेले. दार लोटलेलं. आतून आवाज आला, "मुरुगेसा." आणि खरखरीतून उत्तर, "इरुक्केन, सार."

राव जमिनीवर मांडी घालून बसले होते. खालच्या कपाटाचं दार उघडं, त्यात जुन्या धोतरात गुंडाळलेला सेट, समोर वही. माझ्याकडे बघून त्यांनी हात वर केला, म्हणजे थांबा, आणि हजेरी पुरी केली. तीनच उत्तरं आली. दुसरं ठिकाण, तिसरं आणि सातवं. त्या तिघांनी सेट दिले नव्हते, बाकी सहांनी हुकूम पाळून जमा केले होते. तरीही रावांनी नावं नऊच्या नऊ घेतली. ज्यांच्याकडे सेट नव्हता त्यांच्यापुढे निळ्या पेनाने "साधन नाही" लिहिलं.

"त्यांना ऐकूच येत नाही तर हाक कशाला मारता?" मी विचारलं.

"हजेरी आहे. नांव तर घ्यावें लागतें." मग वही मिटून म्हणाले, "अम्मा, मी दाखला खोटा लिहिलों. तीस वरुषांत एकच. आता तुम्ही पाहिलां. तुम्ही वर सांगाल तर माझें पेन्शन जातें. सांगूं नका असें मी म्हणत नाहीं."

मी सांगितलं नाही. यात माझा काही मोठेपणा नाही. तक्रार लिहायची तर तीन पानांचा नमुना भरावा लागतो, आणि मला त्या माणसाची पाच महिने राहिलेली नोकरी खराब करायची नव्हती. खरं सांगायचं तर मला ती म्हाताऱ्याची हौस वाटली. घरी माळ्यावर जुना रेडिओ ठेवतात तसं काहीतरी.

त्या पावसाळ्याच्या शेवटी वादळ आलं. पहाटेच वीज आणि मोबाइलचे टॉवर गेले. कचेरी जनरेटरवर होती, लँडलाइन फोन तेवढा चालू होता, आणि माझा पडदा. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं. आमचे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, भला माणूस, सकाळी सातपासून पडद्यासमोर उभे होते. त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता. कोळ्ळिडमच्या, म्हणजे कावेरीच्या उत्तरेकडच्या मोठ्या फाट्याच्या काठाला, नदी आणि बांध यांच्यामध्ये सखल जमीन आहे. तिला पडुगै म्हणतात. तिथे केळीच्या बागा आहेत आणि बागांत घरं आहेत. पाणी धोक्याच्या खुणेकडे चढत असेल तर तिथली माणसं उठवून बांधावर आणायची होती. पण मागच्याच वर्षी एकदा उगाच उठवलं होतं, तेव्हा मागे राहिलेली गुरं चोरीला गेली होती, आणि या वेळी नक्की आकड्याशिवाय कुणी उठणार नव्हतं. पोलीस आणि ट्रॅक्टर तयार होते. साहेब आकड्याची वाट पाहत होते.

साडेनऊपासून आकडे स्थिर झाले. साहेब पहिल्यांदा खुर्चीत बसून पाणी प्यायले. कचेरीत सगळ्यांचे खांदे खाली आले. मलाही बरं वाटलं, माझी यंत्रं छान चालली होती.

राव पडद्यापासून दोन हातांवर उभे होते. दहाच्या सुमाराला ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "नऊ ठिकाणीं पाणी एकाच घडीस थांबतें काय?"

मी कळ दाबून आतलं पान उघडलं. सेवा थांबवली होती. नऊच्या नऊ ठिकाणची. पडदा शेवटचे आलेले आकडेच दाखवत बसला होता, तसाच हिरवा. तो रंग मीच निवडला होता. संपर्क तुटला तर आकडा लाल व्हावा ही सोय मी पुढच्या टप्प्यासाठी ठेवली होती.

मी कंपनीला फोन लावला. तिकडे माणूस नव्हताच. एका गोड आवाजाने सांगितलं की आपल्या ग्राहक खात्याची पडताळणी अपूर्ण असल्याने सेवा तात्पुरती थांबवली आहे, आपली विनंती महत्त्वाची आहे, तीन कामाच्या दिवसांत उत्तर मिळेल. कंत्राटाच्या मुदतवाढीचा एक कागद कुणाच्या तरी टेबलावर राहिला होता, हे नंतर कळलं. तिकडच्या यंत्राला कावेरी ठाऊक नव्हती. त्याला तारीख ठाऊक होती. साहेबांनी कलेक्टरांना फोन केला, कलेक्टरांनी चेन्नईला केला. जिल्ह्यातली बस, शाळा, दुकान, काहीही एका शब्दात थांबवू किंवा चालू करू शकणारी माणसं एका गोड आवाजापुढे आपलं नाव आणि हुद्दा सांगत होती. मला लाज वाटली. तशी लाज मला नोकरीत पुन्हा कधी वाटली नाही.

राव खालच्या कपाटाकडे गेले. कुलूप काढलं, धोतर सोडलं, आणि सेट उचलून साहेबांच्या टेबलावर, साहेबांच्या समोर ठेवला. त्यांचा दाखला ज्या फायलीत होता ती फाइल त्याच टेबलावर होती. साहेबांनी सेटकडे पाहिलं, मग रावांकडे. राव तमिळमध्ये म्हणाले, "सार, मी खोटं लिहिलं होतं. आधी पाणी पाहू. मग मला पाहा."

आणि त्यांनी हजेरी सुरू केली. घाई नाही. पहिलं नाव, थांबणं, वहीत "साधन नाही". मला ओरडावंसं वाटलं की तिसऱ्याला बोलवा, थेट तिसऱ्याला. ते आपल्या क्रमानेच गेले. दुसऱ्याने उत्तर दिलं, आकडा दिला. पडद्यावरच्या आकड्याहून हातभर वर.

"मुरुगेसा."

खरखर. मग मुरुगेसन, दम लागलेला. "इरुक्केन, सार."

"कोरडी पायरी किती?"

"पायरीच नाही, सार. मी मारुतीच्या ओट्यावर उभा आहे. ओटा कोरडा आहे. अजून."

राव साहेबांकडे वळून म्हणाले की तो ओटा धोक्याच्या खुणेपेक्षा दीडच हात खाली आहे. हे कुठल्या तक्त्यात नव्हतं. साहेबांनी फोन उचलला. ट्रॅक्टर निघाले. आणि राव पुढचं नाव घेत होते, चौथं, ज्याच्याकडे सेट नव्हता.

पडुगैतली माणसं दुपारी बारापर्यंत बांधावर आली. एकच्या सुमाराला पाणी केळीच्या शेंड्यांना लागलं. तीन गाई गेल्या. माणूस एकही नाही. मुरुगेसनला दोराने ओढून काढलं, तेव्हा सेट त्याच्या डोक्यावर होता.

सेवा तिसऱ्या दिवशी सुरू झाली. सोबत झालेल्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करणारं पत्र. त्यावर सही नव्हती.

आठवडाभराने साहेबांनी रावांना केबिनमध्ये बोलावलं. मी थाळ्यांचा अहवाल घेऊन तिथेच होते. साहेबांनी एक कागद पुढे केला. सेट आपत्कालीन गरजेसाठी ठेवावेत असा तोंडी आदेश साहेबांनी मागेच दिला होता, असा मजकूर होता. तारीख मागची. रावांनी खाली सही केली की सगळं नियमात बसत होतं. चौकशी नाही, पेन्शन सुरळीत. साहेब स्वतः धोका पत्करून हे करत होते आणि ते मनापासून करत होते.

रावांनी कागद दोनदा वाचला. मग साहेबांच्या हातात परत दिला आणि त्यांना तमिळमध्ये काही समजावलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणालात?

"एक खोटें मी पाण्यासाठीं लिहिलों," ते म्हणाले. "दुसरें माझ्यासाठीं होईल. तें नको."

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो. घरी बायको आहे, औषधं आहेत, एका सहीने काय बिघडणार होतं? मी तसं बोलले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "कॉफी घ्याल?"

मग चौकशीचा कागद आला. चार सेट भंगारात गेले, या वेळी खरोखर. रावांनी नवा दाखला लिहिला आणि त्यात जुन्याचा उल्लेख केला. चौकशी संपेपर्यंत पेन्शन रोखलं होतं. ती अजून संपली नाही असं मला मध्यंतरी कळलं.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी सहाला गेले. बाकीचा कारभार त्यांनी आदल्या दिवशीच सोपवला होता, उरली होती ती हजेरी. का गेले, सांगता येणार नाही. फुलं वगैरे काही नेली नव्हती. दार उघडं होतं. कपाट रिकामं, धोतराची घडी त्यात ठेवलेली. राव पडद्यासमोर वही उघडून बसले होते, आणि रिकाम्या खोलीत, मोठ्या आवाजात, नऊ नावं घेत होते. प्रत्येक नावानंतर उत्तर यायला लागतो तेवढा वेळ थांबत. मग पडद्यावरचा आकडा लिहीत. पायरीच्या रकान्यात निळ्या पेनाने "साधन नाही". नऊही जणांपुढे.

नववं झालं. मला वाटलं आता वही मिटतील. त्यांनी दहावी ओळ पट्टीने आखली आणि कंपनीचं नाव घेतलं. पूर्ण नाव, नीट, अगदी मुरुगेसनला हाक मारत तसं.

आणि थांबले.

तिच्याकडे साधन नाही असं कुणी म्हणू शकलं नसतं. अख्खं आकाश तिचं होतं. राव वर पाहत नव्हते, घड्याळाकडे पाहत होते. मी दारात उभी होते. त्या कंपनीशी कागदोपत्री संबंध असलेलं त्या गावात मी एकटीच माणूस होते. हजर आहे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण उद्या पुन्हा ती सेवा थांबली तर ती चालू करायची किल्ली माझ्याकडे नव्हती, साहेबांकडे नव्हती, कलेक्टरांकडेही नव्हती. मी तोंड मिटलं.

त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, टोपण उघडलं, आणि पूर्वी मुरुगेसनपुढे लिहिला होता तोच एक शब्द लिहिला. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. मग ती मिटून माझ्या हातात दिली, धोतराची घडी पिशवीत घातली आणि पावणेसातच्या गाडीला उशीर होईल म्हणून निघाले.